आणीबाणी: गावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलाठी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, ग्रामपंचायतीच्या फलकावरचा आदेश वाचून बुचकळ्यात पडलेले शेतकरी आणि पंच्याहत्तर साल डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी मंडळी, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. प्रश्न ज्याच्या त्याच्या बोलीत आहेत. उत्तरं प्रमाण मराठीत, कारण परीक्षेत वऱ्हाडी चालत नाही.

आणीबाणी म्हंजे नेमकं काय जी?

रोजच्या नियमांनी कारभार चालवणं शक्य नाही असं संकट आलं, की ठरावीक काळापुरते जादा अधिकार हातात घेण्याची जी सोय कायद्यात केलेली असते, ती आणीबाणी. ती कोणी जाहीर करायची, कोणत्या कारणासाठी, किती दिवस आणि तिच्यावर शिक्कामोर्तब कोणी करायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. या चार प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील तर ती आणीबाणी नाही. एक तर नुसती बोलण्याची पद्धत आहे, नाहीतर दांडगाई.

आपल्या संविधानात हा विषय अठराव्या भागात येतो, कलम ३५२ ते ३६०. त्यात तीन प्रकार आहेत: देशाची आणीबाणी (३५२), राज्यातली राष्ट्रपती राजवट (३५६) आणि आर्थिक आणीबाणी (३६०). गावात कोणी नुसतं 'आणीबाणी' म्हटलं तर बहुतेक वेळा पहिलीच अभिप्रेत असते, आणि तीही १९७५ ची.

पुराच्या वक्ती 'आपत्कालीन' लिहून येते, ते अन् हे एकच का?

नाही. पूर, गारपीट, साथरोग, आग यांच्यासाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांना बरेच अधिकार मिळतात, पण तुमचे मूलभूत हक्क स्थगित होत नाहीत आणि राष्ट्रपतींची सहीही लागत नाही. महावितरणचं 'आपत्कालीन भारनियमन' किंवा सरकारी दवाखान्यातला आपत्कालीन विभाग यांचा तर संविधानाशी काडीचा संबंध नाही.

राष्ट्रीय आणीबाणी कोण लावते? पंतप्रधानच ना?

जाहीर करतात राष्ट्रपती, पण मंत्रिमंडळाने लेखी शिफारस केल्याशिवाय त्यांना ती करता येत नाही. कारणं तीनच: युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र बंड. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एका महिन्याच्या आत विशेष बहुमताने (एकूण सदस्यांत निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांत दोन तृतीयांश) मान्यता द्यावी लागते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा मान्यता. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर १४ दिवसांच्या आत खास बैठक बोलवावी लागते, आणि तिथे साध्या बहुमताने ठराव झाला की आणीबाणी उठवावीच लागते.

ती लागू असताना राज्य सरकारं जागेवर राहतात, पण केंद्र त्यांना कोणत्याही विषयात आदेश देऊ शकतं आणि संसद राज्यांच्या यादीतल्या विषयांवर कायदे करू शकते. लोकसभेची मुदतही एका वेळी एक वर्षाने वाढवता येते.

आतालोक किती डाव लागली?

तीनदा. पहिली २६ ऑक्टोबर १९६२ ला, चीनच्या आक्रमणामुळे. ती थेट १० जानेवारी १९६८ ला उठली, म्हणजे १९६५ चं पाकिस्तानशी झालेलं युद्ध तिच्यातच उरकलं. दुसरी ३ डिसेंबर १९७१ ला, बांगलादेश युद्धाच्या वेळी. तिसरी २५ जून १९७५ ला, 'अंतर्गत अशांतता' या कारणाने. गंमत अशी की तिसरी लागली तेव्हा दुसरी चालूच होती. दोन्ही मार्च १९७७ मध्ये उठल्या.

पंच्याहत्तर साली काय झालं होतं?

१२ जून १९७५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदावर राहता येईल, पण लोकसभेत मत देता येणार नाही. बाहेर जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलेलं होतं. २५ जूनच्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला हे कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सही आधी आणि बैठक नंतर.

त्या रात्रीपासूनच धरपकड सुरू झाली. मिसा, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, १९७१ चा, आणि भारत संरक्षण नियम यांच्याखाली देशभरात एक लाखाहून अधिक माणसं तुरुंगात गेली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. संघाचे सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना ३० जूनला नागपूर रेल्वे स्थानकावर अटक झाली, त्यांना येरवड्याला ठेवलं. ४ जुलैला संघासह अनेक संघटनांवर बंदी आली, त्यात जमात-ए-इस्लामी, आनंदमार्ग आणि नक्षलवादी गटही होते.

सगळ्यांत खोल घाव कोर्टात बसला. तुरुंगातल्या माणसाला 'मला बेकायदा धरलं' असं म्हणून न्यायालयात जाता येईल, असं नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते फिरवलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढे त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः २०१७ साली स्पष्ट शब्दांत सांगितलं. एकेचाळीस वर्षं लागली.

आमचे आबाजी म्हणतात का तवा सगळं शिस्तीत होतं. खरं हाय का?

आबाजी खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगतात. कचेरीत साहेब वेळेवर यायचे, साठेबाज धास्तावले होते, हे बऱ्याच म्हाताऱ्यांना आठवतं. १ जुलै १९७५ ला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला. सावकारी कर्जाला स्थगिती, वेठबिगारी बंद, कमाल जमीनधारणा कायद्याची अंमलबजावणी, भूमिहीनांना घरासाठी जागा, अशी कलमं त्यात होती. ज्याच्या घराला जागा मिळाली त्याने सरकारला दुवा दिला तर त्याला नावं कशाला ठेवायची?

मग उरलेलं अर्धं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मास्तरांना आणि कर्मचाऱ्यांना 'केसेस' आणायचं उद्दिष्ट दिलेलं होतं. उद्दिष्ट पुरं नाही तर पगार अडायचा. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, एवढाच काय तो आपला बचाव. म्हाताऱ्या बायाबापड्यांना या विषयावर बोलतं करून पाहा. आबाजी जे सांगत नाहीत ते आजी सांगतात, तेही पोरं उठून गेल्यावर.

'अनुशासन पर्व' हे शब्द याच काळातले आणि आपल्याच भागातले. पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबांचं तेव्हा मौन चालू होतं. त्यांनी हे शब्द लिहून दाखवले आणि सरकारने ते भिंतीभिंतींवर रंगवले. आपल्या मनातलं अनुशासन आचार्यांचं आहे, सत्तेचं शासन नव्हे, असा खुलासा विनोबांनी नंतर केला. जानेवारी १९७६ मध्ये पवनारलाच आचार्यांचं संमेलन भरलं आणि त्याने देश पुन्हा मोकळ्या वातावरणात यावा, असं म्हटलं. भिंतीवर हे मात्र कोणी रंगवलं नाही. माझं मत विचाराल तर शिस्त आणि भीती यांत फरक ओळखायची एक सोपी खूण आहे: तक्रार करायला जागा होती का? त्या एकवीस महिन्यांत नव्हती.

आणि हेही सांगून टाकतो. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, तेव्हा विदर्भातल्या बहुतेक जागा काँग्रेसनेच जिंकल्या होत्या. त्यामुळे 'लोकांनी आणीबाणीला धडा शिकवला' हे वाक्य आपल्याकडे जपून वापरावं.

मंग आता तसं पुन्हा होऊ शकते का?

तसंच्या तसं होणं अवघड आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र बंड' घातलं. मोर्चे, संप, घोषणा यांत बसत नाहीत. मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची झाली ती त्या रात्रीच्या सहीमुळेच. संसदेच्या मान्यतेची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आली. बोलण्याचं, जमण्याचं, फिरण्याचं स्वातंत्र्य देणारं कलम १९ आता फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या वेळीच आपोआप स्थगित होतं, आणि कलम २० व २१, म्हणजे शिक्षेबाबतचं संरक्षण आणि जगण्याचा हक्क, कोणत्याही आणीबाणीत स्थगित करता येत नाही.

राष्ट्रपती राजवट लागली तं आपल्याले काही फरक पडते का?

रोजच्या जगण्यात फारसा नाही. रेशन मिळतं, सातबारा निघतो, शाळा भरतात. राज्याचं मंत्रिमंडळ मात्र जातं, राज्यपाल केंद्राच्या वतीने कारभार पाहतात आणि विधानसभा बरखास्त होते किंवा निलंबित राहते. तुमचे हक्क अबाधित असतात. महाराष्ट्रात हे तीनदा झालं: १९८० साली फेब्रुवारी ते जून, २०१४ साली निवडणुकीच्या तोंडावर महिनाभर, आणि २०१९ साली १२ ते २३ नोव्हेंबर. शेवटची राजवट पहाटे उठली आणि सकाळी शपथविधी झाला, हे कुणाला विसरता येईल!

पूर्वी केंद्रातलं सरकार बदललं की विरोधी पक्षाची राज्य सरकारं सटासट पाडली जायची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने त्याला आळा बसला: बहुमत आहे की नाही ते सभागृहात ठरेल, राजभवनात नाही.

आर्थिक आणीबाणीत बँकेतला पैसा सरकार घेते म्हणतात.

कलम ३६० मध्ये असं काहीही लिहिलेलं नाही. त्यात राज्यांना काटकसरीचे आदेश देणं, सरकारी नोकरांचे आणि न्यायाधीशांचे पगार कमी करणं, राज्यांची धनविधेयकं राष्ट्रपतींसाठी राखून ठेवणं एवढंच आहे. ती आजवर एकदाही लागली नाही. १९९१ साली देशाला सोनं गहाण ठेवावं लागलं, तेव्हाही नाही.

नोटबंदी कोणत्या आणीबाणीत आली?

कोणत्याच नाही. ८ नोव्हेंबर २०१६ चा तो निर्णय रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २६(२) खाली होता. कापूस-सोयाबीन विकायच्या ऐन हंगामात आला म्हणून आपल्याला तो आणीबाणीसारखा वाटला, ते वाटणं खरंच आहे.

लॉकडाऊनमंदी त घराबाहेर निंगू देत नव्हते. थे आणीबाणी नव्हती?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. घरात बसवलं, एसटी बंद, बाजार बंद, जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस, कापूस घरात पडून. पण कागदावर आणीबाणी नव्हती. मार्च २०२० चे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा यांच्याखाली निघाले. त्यामुळे कोर्टं चालू राहिली, आदेशाविरुद्ध याचिका करता आल्या, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर नव्हता. शेतीच्या कामांना केंद्राने मार्च संपायच्या आत सूट दिली होती. तरी डवरणीला जाणाऱ्या माणसालाही नाक्यावर दंडुका मिळाल्याच्या गोष्टी गावोगावी आहेत. सूट कागदावर आणि कागद कचेरीत. बांधावर निघालेल्या माणसाच्या खिशात त्याची प्रत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० ते ५ मे २०२३ या काळात 'जागतिक आरोग्य आणीबाणी' जाहीर केली होती. तो देशांना दिलेला इशारा होता. त्याने कुणाचे हक्क गेले नाहीत.

पंचायतीच्या फलकावर 'कलम ३७ लागू' असं लिहिलं. घाबरायचं का?

घाबरू नका, वाचा. तो आदेश महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चा. पोळा, गणपती, निवडणूक, मोर्चे असले की जिल्ह्याजिल्ह्यांत तो निघतच असतो. काठ्या, शस्त्रं बाळगून फिरायला आणि पाच किंवा जास्त माणसांनी विनापरवाना जमायला त्यात मनाई असते. जमावबंदीची मुदत साधारण पंधरा दिवस. लग्न आणि अंत्ययात्रा बहुतेक आदेशांत वगळलेल्या असतात, तरी ती ओळ शोधून वाचा.

दुसरा आदेश जमावबंदीचाच, पूर्वी 'एकशे चव्वेचाळीस' म्हणायचे तो. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली आणि तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ मध्ये गेला. लोक अजून १४४ च म्हणतात, पोलीसही. त्याची मुदत दोन महिने, राज्य सरकारने वाढवली तर आणखी सहा महिन्यांपर्यंत. घराबाहेरच पडू नका असा आदेश असेल तर त्याला संचारबंदी म्हणतात.

असा कोणताही कागद दिसला की वरची मोठी अक्षरं सोडा आणि खाली बघा: कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं क्षेत्र, कोणाची सही. तालुक्याच्या गावात लावलेली संचारबंदी तुमच्या गावाला लागू असतेच असं नाही.

गडचिरोलीत एवढे वर्स नक्षलवाद होता, मंग आणीबाणी काहून नाही लावली?

लावता आली असती का? कागदावर हो. सशस्त्र बंड हे कारण ३५२ मध्ये आहे आणि देशाच्या एखाद्या भागापुरतीही घोषणा करता येते. पण सरकारने तो रस्ता धरला नाही. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, १९९० साली स्थानिक पोरांचं सी-६० पथक उभं राहिलं, केंद्रीय राखीव दल आलं, बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायदा वापरला गेला. सैन्याला विशेष अधिकार देणारा ईशान्येतला आणि काश्मीरमधला कायदाही तिथे कधी लागू केला नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. दोन्ही बाजूंच्या बंदुकीत सापडलेल्या माडिया माणसाला कोर्टाचं दार तरी उघडं राहिलं; त्या दारापर्यंत पोचायला त्याला किती चालावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

पुरात सरकारनं माहा ट्रॅक्टर नेला तं?

नेऊ शकतं. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ खाली बचावासाठी वाहन, इमारत, साहित्य ताब्यात घेता येतं. पण कलम ६६ मध्ये त्याची भरपाईही आहे. ट्रॅक्टर देताना लेखी आदेश मागा, किंवा निदान तारीख, वेळ आणि डिझेल किती होतं हे तलाठ्याकडून लिहून घ्या. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली चारही जिल्ह्यांत पाणी शिरलं, तेव्हा डोंगे, ट्रॅक्टर, शाळा सगळं वापरात आलं. पाण्यात माणसं असताना कोणी पावती मागत नाही, बरोबरच आहे. ओसरल्यावर मागायला लाजू नये. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७.

ओला दुष्काळ जाहीर करा म्हणतात, थो काहून होत नाही?

कारण सरकारी नियमावलीत 'ओला दुष्काळ' नावाची चीजच नाही. २०२५ च्या पावसाळ्यात ही मागणी राज्यभर झाली, तेव्हा सरकारने हेच सांगितलं आणि दुष्काळाच्या सवलती अतिवृष्टीग्रस्तांना लागू केल्या. मिळायचं ते मिळालं तर नावाचा हट्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण नाव नसलं की दरवेळी नव्याने भांडावं लागतं, हा हट्टामागचा खरा मुद्दा आहे.

महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. मापक तिथे आणि ढगफुटी तुमच्या शिवारात, असं झालं की पंचनाम्यावर सगळी भिस्त. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान दिसायला हवं. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहा, गट नंबर आणि बाधित क्षेत्र आपल्या डोळ्यांनी वाचा, मगच सही करा.

पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतपंपाच्या बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, अशा सवलती लागतात. अंतिम पैसेवारी कळेपर्यंत डिसेंबर उजाडतो आणि तोवर कापूस वेचून, हरभरा पेरून झालेला असतो.

'शेतीची आणीबाणी' जाहीर करा अशी मागणी होते. तिचा उपयोग?

कायद्यात असा प्रकार नाही. 'राष्ट्रीय आपत्ती' जाहीर करण्याचीही तरतूद नाही. केंद्र फार तर 'गंभीर स्वरूपाची आपत्ती' मानून जादा निधी देतं. म्हणून निवेदन लिहिताना एवढा मोठा शब्द घालून थांबू नये. कर्जाचं पुनर्गठन, वसुलीला स्थगिती, खरेदी केंद्र, काय हवं ते नावाने मागावं. शब्द मोठा असला की उत्तर गोल मिळतं.

अमेरिकेत त वादळ आलं का आणीबाणी लावते. तिकडं लोकशाही नाही का?

तिकडे त्या घोषणेचं काम वेगळं आहे. एखाद्या राज्याचा गव्हर्नर वादळाआधीच आणीबाणी जाहीर करतो, त्याने पैसा मोकळा होतो, मदत पथकं हलतात, काही राज्यांत भाववाढीला चाप बसतो. आपल्याकडे जे काम आपत्ती कायदा करतो, साधारण तेच. राष्ट्राध्यक्षांसाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. इराणबाबत १९७९ साली जाहीर झालेली आणीबाणी दरवर्षी नूतनीकरण होत अजून चालू आहे. फ्रान्समध्ये २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर लावलेली दोन वर्षं राहिली. श्रीलंकेत २०२२ मध्ये महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर आले, तेव्हा ती एकाच वर्षात अनेकदा लागली. ब्रिटनच्या संसदेने २०१९ साली 'हवामान आणीबाणी'चा ठराव केला. त्याने कोणाला अटक करता येत नाही.

मार्शल लॉ म्हंजे हेच का?

नाही. मार्शल लॉ म्हणजे कारभार लष्कराच्या हाती जाणं. आपल्या संविधानात त्याचा नुसता उल्लेख कलम ३४ मध्ये आहे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तो जाहीर केला आणि खासदारांनी कुंपणावरून उड्या मारून, संसदेत पोचून काही तासांत रद्द केला. चार महिन्यांनी अध्यक्षांचं पद गेलं.

व्हॉट्सॲपवर आलं का 'आज राती बारापासून आणीबाणी'. काय करू?

झोपा. खरी असेल तर भारताच्या राजपत्रात येईल आणि सगळ्या वाहिन्यांवर दिसेल. 'सर्व ग्रुपवर पाठवा' असं लिहिलेली अधिसूचना आजवर निघालेली नाही.

आमचे आबाजी मिसात होते. त्यायले काही मिळते का?

आणीबाणीत राजकीय कारणाने तुरुंगात गेलेल्यांना राज्य सरकारने २०१८ साली मानधन सुरू केलं: एक महिन्याहून जास्त कारावासाला दरमहा १०,००० रुपये, त्याहून कमीला ५,०००, आणि हयात पती किंवा पत्नीला त्याच्या निम्मे. २०२० साली सरकार बदललं, योजना बंद. २०२२ साली पुन्हा बदललं, योजना सुरू. २०२५ मध्ये रक्कम दुप्पट झाली. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. तुरुंगाचा दाखला जुन्या पेटीत असेल तर आजच शोधा, कारण कारागृहाच्या नोंदवहीतून तो काढून आणायला फार दिवस जातात.

भरतीच्या पेपरात यावर काय येते?

बहुतेक वेळा मुदती. मान्यतेसाठी ३५२ ला एक महिना, ३५६ आणि ३६० ला दोन महिने. ३५२ ला विशेष बहुमत, बाकी दोन्हींना साधं. ३५६ जास्तीत जास्त तीन वर्षं. पण पहिल्या वर्षानंतर वाढवायची तर राष्ट्रीय आणीबाणी चालू असली पाहिजे आणि निवडणूक घेणं अवघड असल्याचं निवडणूक आयोगाने प्रमाणित करायला हवं. ३६० ला कमाल मुदतच नाही. ३५८ आणि ३५९ यांतला फरकही हमखास विचारतात: ३५८ फक्त कलम १९ पुरतं आणि आपोआप, ३५९ बाकीच्या हक्कांसाठी आणि त्याला राष्ट्रपतींचा वेगळा आदेश लागतो, २० व २१ सोडून.